झाकलेली ओल

घरातील भिंतीकडे पाहुण्यांचे लक्ष जाते. जमिनीशी मात्र खरा संबंध येतो तो घरच्यांच्याच पावलांचा. लहान मूल पहिले पाऊल तिच्यावर टाकते आणि वृद्ध माणूस अखेरपर्यंत तिच्यावरून जपून चालते. तरीही घर बांधताना किंवा दुरुस्त करताना जमिनीचा निर्णय बहुधा दुकानातील एका हातभर नमुन्यावरून होतो. तो नमुना कोरड्या, थंड केलेल्या दालनात ठेवलेला असतो. कोकणातला श्रावण त्याने पाहिलेला नसतो.

चिपळूणच्या बाजारपेठेतील एका कापड व्यापारी कुटुंबापुढे २०२१ साली हा प्रश्न उभा राहिला. माडीवरची जुनी सागवानी जमीन दुरुस्त करावी की तिच्यावर व्हायनिलच्या फळ्या बसवून मोकळे व्हावे, एवढाच तो प्रश्न. वरवर पाहता आठवड्याभरात सुटणारा. प्रत्यक्षात तो आठ महिने चालला, आणि त्या आठ महिन्यांत दोन भावांमध्ये पुष्कळ काही बोलले गेले व त्याहून अधिक न बोलता राहिले.

कुटुंब मूळचे गुजरातेतले, पण तीन पिढ्या कोकणात रुजलेले. बोली मराठी झाली होती; आईला ‘बा’ आणि थोरल्या भावाला ‘मोटाभाई’ म्हणण्याची रीत तेवढी मागची उरली होती. खाली दुकान, वर माडी. माडीची मोठी खोली १२ फूट रुंद आणि २० फूट लांब, आणि तिला सागवानाची तक्तपोशी. ८ इंच पन्ह्याच्या १८ फळ्या, जागोजागी जोड देऊन, तुळयांवर खिळ्यांनी ठोकलेल्या. खालून पाहिले की हाच दुकानाचा कडीपाट. बांचे सासरे हयात असताना ती घातली गेली. तिच्यावर दोन पिढ्यांची बाळे रांगली, पापड वाळले, वह्या लिहिल्या गेल्या, आणि कित्येक दुपारी नवे ताके उलगडून बायकांनी आधी घरच्यांसाठी कापड निवडले.

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी आणि शिव या नद्यांचे पाणी शहरात शिरले. बाजारपेठेतील तळमजले बुडाले. या दुकानात पाणी चढत चढत कडीपाटाला टेकले. घरची माणसे फळ्यांच्या वर आणि पाणी फळ्यांच्या खाली, अशी ती वेळ गेली. दुकानातली रिकामी खोकी आणि लाकडी गल्ला पाण्यावर तरंगत खालून फळ्यांना धडकत होते. तो आवाज बा पुढे कित्येक महिने झोपेत ऐकत असत.

पाणी ओसरले. चिखल उपसला गेला. भिजलेले ताके टाकून द्यावे लागले. खालच्या शहाबादी लाद्या पाण्याचा जोरदार फवारा मारून धुतल्या आणि त्या पूर्वीसारख्याच झाल्या. माडीवरच्या फळ्यांनी मात्र आठवड्याभरात रूप बदलले. प्रत्येक फळीच्या दोन्ही कडा वर उचलल्या आणि मधला भाग खोल राहिला. कौलाच्या कडेला पाणी वाहून नेणारी पन्हळ असते तशी पन्हळ प्रत्येक फळीला पडली. अनवाणी चालताना बोट अडखळू लागले.

मोटाभाईंच्या कन्येचे लग्न डिसेंबरात ठरलेले होते. वरपक्ष मुंबईचा, मुलुंडचा, तोही व्यापारी. चातुर्मास संपला की घरात पाहुण्यांची ये-जा सुरू होणार होती. मोटाभाईंनी सप्टेंबरातच दुकानाला नवे फॉल्स सिलिंग करून घेतले, रंग काढला, दिवे लावले आणि दुकान उघडले. मुंबईच्या घाऊक व्यापाऱ्यांनी जुन्या ओळखीवर उधारी वाढवून दिली होती. त्या उधारीला तोंड द्यायचे तर दुकान उभे आहे, घर उभे आहे, हे दिसणे त्यांना अत्यावश्यक वाटत होते. बाजारात मालापेक्षा पत आधी विकली जाते, हे त्यांच्या वडिलांचे सांगणे. पन्हळ पडलेल्या फळ्यांवर व्याही बसले तर मुंबईत काय बोलले जाईल, या विचाराने त्यांना झोप येत नसे.

म्हणून त्यांनी व्हायनिलच्या फळ्यांचा नमुना आणला. साडेपाच मिलिमीटर जाडीची फळी, वर सागवानासारखी नक्षी, कडांना एकमेकींत अडकणारी खाच. बसवणारा माणूस म्हणाला की दोन दिवसांत खोली होईल. खिळा नको, डिंक नको, धूळ नको. पाणी सांडले तर पुसून टाका, फळी फुगणार नाही.

यात खोटे काहीच नव्हते. या प्रकारच्या फळीचा गाभा चुनखडीची भुकटी आणि पीव्हीसी यांच्या मिश्रणाचा असतो. पीव्हीसीचा निम्म्याहून अधिक भाग मिठापासून मिळणाऱ्या क्लोरीनचा आणि उरलेला खनिज तेल वा वायूपासून आलेला. असा गाभा पाणी पीत नाही. वर नक्षीचा छापील थर आणि त्यावर पारदर्शक संरक्षक थर असतो. घरासाठी तो साधारण ०.३ ते ०.५ मिलिमीटरचा घेतात. कोकणच्या दमट हवेत जी जमीन हवेबरोबर फुगत नाही आणि आटत नाही, तिचे आकर्षण कोणालाही वाटावे. तिला पॉलिश लागत नाही, वाळवी तिला खात नाही, आणि सागवानापुढे तिचा खर्च किरकोळ. एका घनफूट लाकडातून पाऊण इंच जाडीची जमीन फार तर १६ चौरस फूट निघते, तीही कापण्या-रंधण्याची घट न धरता. २४० चौरस फुटांच्या खोलीला नवे सागवान घ्यायचे तर १५ घनफुटांहून अधिक लाकूड लागणार. पुराच्या वर्षी तो आकडा वहीत लिहिण्याचेही धैर्य नव्हते.

धाकट्या बंधूंचे म्हणणे वेगळे होते. फळ्या आहेत त्याच दुरुस्त कराव्यात, रंधून घ्याव्यात, कुजलेल्या तेवढ्या बदलाव्यात. मोटाभाई म्हणाले, “लग्न तुझ्या मुलीचं नाही.” त्या एका वाक्यानंतर दोघांत या विषयावर आठ दिवस बोलणे झाले नाही. पत्नींच्या तोंडून निरोप जाऊ-येऊ लागले.

शेवटी जुन्या ओळखीच्या मेस्त्रींना बोलावले. ते खोलीभर वाकून फिरले, दोन फळ्यांच्या सांध्यांत नख घातले आणि म्हणाले, “शेट, आत्ता रंधा मारायला मी येणार नाही. आणि झाकायलाही सांगणार नाही.”

त्यांनी दिलेले कारण कापडाच्या व्यापाऱ्यांना लगेच उमगले. कापड एकदा धुतले की आटते आणि बहुतेक तिथेच थांबते. लाकूड दरवर्षी आटते आणि दरवर्षी फुगते. ते लांबीत जवळजवळ हलत नाही. हलते ते पन्ह्यात. हवेत जितकी ओल, तितकी ओल लाकूड आपल्यात धरून ठेवते. हवेची आर्द्रता ६५ टक्क्यांच्या आसपास असेल तर लाकडातील ओल सुमारे १२ टक्क्यांवर स्थिरावते; आर्द्रता ९० टक्के झाली तर ती २० टक्क्यांजवळ जाते. सागवान या बाबतीत पुष्कळ शांत लाकूड आहे. परदेशी जमिनींत वापरला जाणारा ओक जितका हलतो, त्याच्या साधारण निम्मेच सागवान हलते. तरी आडव्या चिरलेल्या ८ इंची फळीत ६ टक्के ओल वाढली की तिचा पन्हा सुमारे २ मिलिमीटरने वाढतो. अशा १८ फळ्या शेजारी शेजारी असल्या म्हणजे १२ फुटांच्या खोलीत दीड इंचाची वाढ जमा होते. उभ्या चिरलेल्या फळ्या असतील तर ती इंचाच्या आत राहते. जुने मेस्त्री भिंतीलगत फट सोडत आणि वर पट्टी मारत, ती याचसाठी. शोभेचा भाग त्यात नंतरचा.

पन्हळ पडते तेव्हा फळीची खालची बाजू वरच्या बाजूपेक्षा अधिक भिजलेली असते. खालचे अंग फुगते, वरचे तेवढे फुगत नाही आणि कडा वर येतात. त्या वेळी उचललेल्या कडा रंधून सपाट केल्या तर खोली तेवढ्यापुरती छान दिसते. पुढे खालचे अंग वाळून आटले की त्याच फळ्यांच्या कडा खाली जातात आणि मध्ये उंचवटा राहतो. मग दोष कायमचा. “जे आपोआप बसणार आहे, त्याला कापू नये,” मेस्त्री म्हणाले. “फाल्गुनात बोलवा.”

“आणि लग्न?” मोटाभाईंनी विचारले. मेस्त्रींनी उत्तर दिले नाही. ते त्यांचे काम नव्हते.

झाकण्याविषयी मेस्त्रींना भीती होती ती वेगळीच. व्हायनिलची फळी वरून पाणी आत जाऊ देत नाही, त्याचप्रमाणे खालची ओल वरही येऊ देत नाही. कोरड्या जमिनीवर हा गुण आहे. भिजलेल्या लाकडावर तोच दोष ठरतो. ओल लाकडात अडकून राहिली की बुरशी धरते, आणि २० टक्क्यांच्या वर दीर्घकाळ राहिलेले लाकूड कुजू लागते. वरची नक्षी मात्र तशीच चकचकीत दिसत राहते. पाय खचतो त्या दिवशीच घरच्यांना कळते.

धाकट्यांनी व्हायनिलच्या हमीपत्रातील बारीक अक्षरे वाचली. व्यापाऱ्याला ती सवय असतेच. खालची जमीन कोरडी आणि सपाट असली पाहिजे. खालून येणाऱ्या ओलीमुळे झालेले नुकसान हमीत नाही, असे तेथे छापलेले होते. बसवणाऱ्या माणसानेही विचारल्यावर प्रामाणिकपणे सांगितले की तो वरून टेकवून देईल, खालची जबाबदारी घरच्यांची. 

मग धाकट्यांनी लाकडातील ओल मोजणारे छोटे यंत्र मागवले. त्याला दोन टोचण्या असतात; त्या फळीत रोवल्या की टक्केवारी दिसते. त्यांनी पाच फळ्यांवर खडूने खुणा केल्या आणि दर आठवड्याला आकडे दुकानाच्या वहीच्या मागच्या पानांवर लिहायला सुरुवात केली. सप्टेंबरच्या अखेरीस सरासरी २४ होती. ऑक्टोबरात २२ झाली. दसरा गेला, पाऊस थांबला, बाहेर ऊन पडू लागले. आकडा २२ वरून हलेना.

मोटाभाई म्हणाले, “तुझं यंत्र बघत बसलो तर मुलगी लग्न होऊन सासरी जाईल.” त्यांनी व्हायनिलची आगाऊ रक्कम देण्यासाठी कपाटातून पैसे काढले.

त्या दिवशी बा मध्ये बोलल्या. त्या तोपर्यंत या वादात पडल्या नव्हत्या, किंवा खरे सांगायचे तर त्यांना कोणी विचारले नव्हते. रोज त्या फळ्यांवर बसून सुपारी कातरणाऱ्या, पावसाळ्यात शेवाळ-बुरशीवर पाऊल पडू नये म्हणून जपून चालणाऱ्या बांना जमिनीविषयी काही मत असेल, हे दोन्ही मुलांच्या ध्यानीच आले नव्हते.

“खालून हात लावून पाहिलात का रे?” त्यांनी विचारले.

“खालून कसा लावणार, बा? खाली सिलिंग आहे,” मोटाभाई म्हणाले.

“मग वाळणार कसं? लुगडं दोरीवर घालतो ते दोन्ही बाजूंनी वारा लागावा म्हणून. भिंतीवर चिकटवलं तर आठ दिवस ओलंच राहील.” थोडे थांबून त्या पुढे म्हणाल्या, “तुझे आजोबा या फळ्या आणल्यावर दोन पावसाळे माडीवर रचून ठेवून होते. प्रत्येक फळीखाली काठ्या घातलेल्या, वारा फिरायला. मला नवल वाटायचं, की विकत घेतलेली वस्तू वापरत का नाहीत. ते म्हणाले होते, आधी तिला या घराची हवा समजू दे.”

खोलीत कोणी काही बोलले नाही. सप्टेंबरात बसवलेले नवे फॉल्स सिलिंग हीच अडचण होती. त्याने फळ्यांची खालची बाजू बंद केली होती. वरून व्हायनिल बसले असते, तर लाकूड दोन्ही अंगांनी कोंडले गेले असते.

ते काढायचे म्हणजे दिवाळीच्या तोंडावर, नव्या रंगाच्या दुकानात, भर बाजारात, भिजलेला काळा कडीपाट उघडा करायचा. मोटाभाईंचा आवाज चढला. “लोक काय म्हणतील, बा? पुरात बसले ते उठले नाहीत, असंच म्हणतील ना?”

बा म्हणाल्या, “आपल्याकडे पूर आला हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. व्याह्यांनाही ठाऊक आहे. मग झाकायचं आहे कोणापासून?”

मोटाभाई खाली गेले. रात्री उशिरापर्यंत दुकानाचा दिवा जळत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटे दुकानात उतरले तेव्हा मोटाभाई शिडीवर उभे होते आणि सिलिंगचा पहिला तुकडा त्यांनी स्वतःच्या हाताने उतरवून ठेवला होता. जिप्समच्या मागच्या बाजूवर बुरशीचे करडे ठिपके होते. दोघा भावांनी मिळून उरलेले सिलिंग दुपारपर्यंत काढले. त्या दोघांत आठवड्यांनंतर झालेले पहिले बोलणे होते ते एवढेच : “तो कोपरा धर.”

दिवाळीत वहीपूजन उघड्या कडीपाटाखाली झाले. काही गिऱ्हाइकांनी वर पाहिले, काहींनी विचारलेही. दोन व्यापारी शेजाऱ्यांनी घरी जाऊन आपापली छते उघडली, असे नंतर समजले. नव्या वहीत धाकट्यांनी आकडे पुढे लिहिले. नोव्हेंबरअखेर १८. डिसेंबरच्या मध्यास १५.

लग्न त्याच डिसेंबरात झाले. माडीवर जाड सतरंज्या घातल्या होत्या आणि त्याखाली फळ्या अजून पुरत्या बसलेल्या नव्हत्या. सगळे सुरळीत पार पडले असे म्हणणे खरे होणार नाही. वरपक्षातील एका बाईंचे पाऊल अडखळले, हातातले ताट सांडले आणि कोणीतरी हळू आवाजात म्हणाले की मुलीच्या बापाने निदान जमीन तरी करून घ्यायची होती. ते मोटाभाईंच्या कानी पडले. त्यांचा चेहरा उतरला. बांनी सांडलेले उचलता उचलता त्या बाईंना एवढेच सांगितले, “पुरात भिजली आहे ती. वाळते आहे.” त्या बाई चटकन खाली बसल्या आणि सतरंजीचा कोपरा उचलून फळीवर हात फिरवू लागल्या. त्यांच्या माहेरी अशीच तक्तपोशी होती, म्हणाल्या.

फेब्रुवारीत आकडा १२ वर आला आणि तिथेच राहिला. पन्हळ बहुतेक आपोआप मिटली होती. मार्चमध्ये मेस्त्री आले. एकूण फळ्यांपैकी नदीच्या बाजूच्या काही तुकड्यांची सालीलगतची पांढरट कड कुजली होती. गाभ्याचे लाकूड शाबूत होते. तेवढे तुकडे जुन्या मोडलेल्या दाराच्या सागवानातून बदलले. ढिले खिळे काढले, नवे ठोकले, भिंतीलगत फट मोकळी केली आणि मग हलका रंधा फिरला. १५ घनफुटांचे नवे लाकूड घ्यावे लागले नाही. मजुरी आणि किरकोळ सामान मिळून झालेला खर्च व्हायनिलच्या अंदाजापेक्षा थोडा अधिक होता, हेही वहीत नोंदलेले आहे.

पॉलिशचा प्रश्न आला तेव्हा मेस्त्रींनी सवयीने चपड्याचे नाव घेतले. बांनी तो कशाचा होतो ते विचारले. चपडा लाखेच्या किड्यांच्या स्रावापासून होतो आणि लाख गोळा करताना असंख्य किडे मरतात, हे ऐकल्यावर घरात तो येणे शक्य नव्हते. मेस्त्रींनीच मग सांगितले की दमट हवेला तो तसाही मानवत नाही. ओल लागली की चपड्यावर पांढरट डाग उठतात. जवसाच्या तेलावर आधारलेले, वाळून कडक होणारे पॉलिश पातळ हातांनी तीन वेळा दिले. तेलाने भिजलेल्या चिंध्या मात्र त्यांनी एकही गोळा करून ठेवू दिली नाही. प्रत्येक चिंधी उघड्यावर पसरून वाळवली. अशा चिंध्यांचा बोळा आपल्याच उष्णतेने पेट घेऊ शकतो, आणि खाली दुकान कापडाचे.

वाळवीविषयीही असाच विचार झाला. विष फवारून तिला मारण्याची वेळ येऊ नये, हीच घराची इच्छा. ती बहुधा मातीतून, भिंतीवर मातीच्या बारीक नळ्या बांधत वर येते आणि ओल असेल तिथे टिकते. म्हणून तुळयांची टोके भिंतीत जिथे शिरतात तिथली गळती आधी बंद केली, खालच्या भिंतीला टेकलेली लाकडी फडताळे चार बोटे पुढे ओढली, आणि दर महिन्याला दिवा घेऊन भिंत पाहण्याचे काम नातवाकडे दिले. कडीपाट उघडाच ठेवला आहे.

हा वृत्तान्त लाकडाच्या बाजूचा आणि व्हायनिलच्या विरुद्ध आहे, असा समज होऊ नये. त्याच उन्हाळ्यात मोटाभाईंच्या कन्येच्या मुलुंडच्या घरी जमीन बदलायची होती. सातवा मजला, खाली जुना वाळलेला सिमेंटचा स्लॅब, दिवसा बंद घर आणि रात्री एअर कंडिशनर. लाकूड घालायचेच तर सलग फळीपेक्षा थरांची फळी बरी. तिच्यात वर खऱ्या लाकडाचा पापुद्रा आणि खाली एकमेकांना आडवे चिकटवलेले थर असतात. उभ्या-आडव्या धाग्यांनी कापड जसे दोन्ही अंगांनी धरून ठेवले जाते, तसे ते थर पन्ह्याला आवरतात. पण त्या घरात लहान मूल येणार होते, काम झटपट हवे होते आणि हात राखून खर्च करायचा होता. मोटाभाई स्वतः तिथे गेले. पिशवीत एक प्लॅस्टिकचा कागद आणि चिकटपट्टी होती. दीड हात चौरस कागद त्यांनी स्लॅबवर चारही बाजूंनी चिकटवला आणि जावयांना सांगितले की उद्यापर्यंत याला हात लावू नका. दुसऱ्या दिवशी कागदाच्या आतल्या अंगाला थेंब नव्हते, सिमेंटही काळवंडले नव्हते. भिंतीलगत जागा सोडलेली आहे की नाही ते त्यांनी पाहिले, कारण व्हायनिल ओलीने नाही तरी उन्हाने वाढते. गॅलरीच्या काचेपाशी जाड पडदा लावायला सांगितला. त्या घराला व्हायनिलच योग्य होते आणि ते अजून उत्तम आहे.

दोन्ही जमिनी आपापल्या जागी बरोबर ठरल्या, कारण दोन्हीकडे आधी खाली काय आहे ते पाहिले गेले. सागवान हवेबरोबर हलते. त्याला दोन्ही बाजूंनी वारा आणि भिंतीशी थोडी मोकळीक हवी. झिजले तर ते पुन्हा रंधता येते; व्हायनिलचा अर्ध्या मिलिमीटरचा थर एकदा गेला की फळीच बदलावी लागते. व्हायनिल हलत नाही, पण त्याच्याखाली जे ठेवाल ते तसेच राहते. कोरडे ठेवले तर कोरडे, ओले ठेवले तर ओले. जिथे पुराचे पाणी शिरते तिथे दोन्ही नकोत. गढूळ पाणी सांध्यांतून खाली जाऊन बसते, आणि शहाबादीसारखी धुऊन मोकळी होणारी लादीच तिथे शहाणी.

पुढच्या जुलैत चिपळूणला नेहमीसारखा पाऊस लागला. फाल्गुनात दोन फळ्यांच्या फटीत वहीचा दुमडलेला कागद सहज जात असे. आषाढात धाकट्यांनी तोच कागद घालून पाहिला, तो गेला नाही. फळ्या फुगून एकमेकींना टेकल्या होत्या, पण कडा उचललेल्या नव्हत्या. त्यांनी यंत्राचा आकडा वहीत लिहिला आणि वही मोटाभाईंपुढे ठेवली. मोटाभाईंनी चष्मा लावून आकडा पाहिला, खाली तारीख घातली आणि सही केली.

बा शेजारीच, उघड्या फळीवर, सुपारी कातरत बसल्या होत्या.